चाळीसच्या भट्टीवरून बाराशे पन्नासकडे: शिवराम भोजे यांच्या कारकिर्दीचा प्रकरण अभ्यास

सप्टेंबर २००३ मध्ये केंद्र सरकारने तमिळनाडूतल्या कल्पाक्कमच्या ५०० मेगावॉट विजेच्या प्रोटोटाइप फास्ट ब्रीडर रिअॅक्टरला, म्हणजे पीएफबीआरला, मंजुरी दिली. अंदाजित खर्च ३,४९२ कोटी रुपये. कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राचे संचालक तेव्हा शिवराम बाबुराव भोजे होते. त्याच केंद्रात एफबीटीआर (फास्ट ब्रीडर टेस्ट रिअॅक्टर) ही छोटी चाचणी भट्टी १९८५ पासून होती. तिच्या आराखड्यातली क्षमता ४० मेगावॉट औष्णिक, म्हणजे विजेची नव्हे, उष्णतेची. मंजुरी मिळाली तोवर तिने गाठलेली शक्ती होती सतरा मेगावॉटच्या आसपास. नव्या भट्टीची औष्णिक क्षमता होती १,२५० मेगावॉट.

हे आकडे ओळीने मांडले की कोणीही इंजिनिअर पहिला प्रश्न विचारेल: मधली पायरी कुठे गेली? चाचणी भट्टी पूर्ण शक्तीवर एकदाही चाललेली नसताना तिच्या तीसपट मोठी भट्टी बांधायला घेणं हे धाडस होतं की घाई? भोजे यांनी अख्खी नोकरी या एकाच प्रकारच्या भट्टीवर काढली. आराखडा, बांधणी, चालवणं, संशोधन, सगळं त्यांच्या हातून गेलं. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर शोधायला त्यांच्या कारकिर्दीइतकी सोयीची जागा दुसरी नाही. उत्तर मात्र वाटतं तितकं सरळ नाही, आणि मेगावॉटच्या आकड्यांत तर ते नाहीच.

सांगाव, पुणे, ट्रॉम्बे, कादाराश

भोजे यांचा जन्म ९ एप्रिल १९४२चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागलजवळच्या कसबा सांगावचा. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून १९६५ साली त्यांनी मेकॅनिकलची पदवी घेतली आणि मग ट्रॉम्बेच्या अणुऊर्जा केंद्राच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये वर्षभराचं प्रशिक्षण. त्याच वर्षात, जानेवारी १९६६ मध्ये, होमी भाभा विमान अपघातात गेले. ट्रॉम्बेच्या केंद्राला त्यांचं नाव मिळालं ते पुढच्या वर्षी. म्हणजे भाभांच्या योजनेतला दुसरा टप्पा ज्यांनी उभा करायचा होता, त्यांच्यातला हा तरुण कामाला लागला तो भाभा नसताना.

हा दुसरा टप्पा थोडक्यात सांगायला हवा. नैसर्गिक युरेनियममधले हजारातले जेमतेम सात अणू सहज फुटणाऱ्या जातीचे असतात. बाकीचं युरेनियम-२३८ फारसं फुटत नाही, पण न्यूट्रॉन गिळून त्याचं प्लुटोनियम होतं. पहिल्या टप्प्यातल्या जड पाण्याच्या भट्ट्यांतून निघालेलं प्लुटोनियम घ्यायचं, ते अशा भट्टीत जाळायचं की जळताना उरलेल्या युरेनियमपासून नवं प्लुटोनियमही तयार होत राहील. हाच ब्रीडर. त्यासाठी न्यूट्रॉनचा वेग कमी करून चालत नाही, आणि पाणी तो कमी करतं, म्हणून गाभ्यात, म्हणजे इंधन असतं त्या भागात, पाणी नको. उष्णता वाहून न्यायला द्रवरूप सोडियम वापरतात. ते ९८ अंशांला वितळतं आणि ८८३ अंशांला उकळतं, त्यामुळे भट्टीतल्या तापमानाला त्याला दाबाखाली ठेवावं लागत नाही. उष्णताही झटकन उचलतं. दोष दोनच, पण मोठे: तापलेलं सोडियम हवेत जळतं, आणि पाण्याला भेटलं तर हायड्रोजन सोडत भडका उडवतं.

अशी भट्टी बांधणं हे भौतिकशास्त्राइतकंच मेकॅनिकल इंजिनिअरचं काम आहे, हे बाहेरच्यांच्या फारसं लक्षात येत नाही. सोडियम उष्णता जितक्या झटकन देतं तितक्याच झटकन घेतं. भट्टी अचानक बंद पडली की पोलादाचा पृष्ठभाग क्षणात निवतो, आतला भाग गरमच राहतो, आणि या ओढाताणीत धातू थकतो. म्हणून पात्राची भिंत जाड करून भागत नाही, ती पातळ हवी. पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या मोठ्या भट्टीचं पात्र वीस सेंटिमीटर जाड असतं. पीएफबीआरचं मुख्य पात्र जवळपास तेरा मीटर व्यासाचं, आणि भिंत २५ ते ४० मिलिमीटर. आता एवढं रुंद आणि एवढं पातळ भांडं शेकडो टन सोडियम पोटात घेऊन भूकंपात हललं तर त्याला घडी पडायला नको, हेही बघायचं. भोजे यांच्या पिढीच्या कामाचा मोठा भाग अशा परस्परविरोधी मागण्यांमधून वाट काढण्यात गेला.

शिकायला देश निवडला होता फ्रान्स. १९६९ साली फ्रेंच अणुऊर्जा आयोगाशी करार झाला आणि भारतीय इंजिनिअरांचा गट दक्षिण फ्रान्समधल्या कादाराशला गेला. १९६९-७० मध्ये भोजे त्या गटात होते. तिथली राप्सोदी ही भट्टी नमुना म्हणून घेतली. नक्कल मात्र जशीच्या तशी केली नाही. राप्सोदी वीज करत नव्हती, सोडियमची उष्णता हवेत सोडून देत होती. भारतीय आराखड्यात वाफ तयार करणारी जनित्रं आणि टर्बाइन घातलं. सोडियम आणि पाणी यांच्यामध्ये फक्त एका नळीची भिंत ठेवण्याचा धोका शिकाऊ वयातच पत्करायचा, असा तो निर्णय होता. मला तो या सबंध कार्यक्रमातला सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो.

इंधन नाही, तर काय

१९७४ साली पोखरणचा स्फोट झाला आणि फ्रान्सकडून मिळणारं समृद्ध युरेनियम, म्हणजे सहज फुटणाऱ्या अणूंचं प्रमाण वाढवलेलं युरेनियम, बंद झालं. मूळ आराखड्यातलं इंधन प्लुटोनियम ऑक्साइड आणि भरपूर समृद्ध केलेलं युरेनियम ऑक्साइड यांचं मिश्रण होतं. आता ते करणं शक्यच नव्हतं. समृद्ध युरेनियमशिवाय छोट्या गाभ्यात साखळी प्रक्रिया टिकवायची तर प्लुटोनियमचं प्रमाण फार वाढवावं लागतं, आणि ऑक्साइडच्या रूपात तेवढं प्लुटोनियम घातलं तर इंधन सोडियमशी जमवून घेत नाही. म्हणून कार्बाइडकडे वळले: ७० टक्के प्लुटोनियम कार्बाइड, ३० टक्के युरेनियम कार्बाइड. या मिश्रणावर सबंध भट्टी जगात कोणीच चालवलेली नव्हती. कार्बाइडची पूड हवेत आपोआप पेट घेते, त्यामुळे ट्रॉम्बेला ते सगळं काम निष्क्रिय वायूने भरलेल्या बंद पेट्यांमध्ये, हातमोज्यांतून करावं लागलं.

एफबीटीआरने सतराच्या पुढे मजल का मारली नाही, याचं उत्तर इथे आहे. अनोळखी इंधन, प्लुटोनियम मोजकं, म्हणून गाभा लहान ठेवला आणि मर्यादा राखून घातल्या. १८ ऑक्टोबर १९८५ ला भट्टी पहिल्यांदा क्रिटिकल झाली, म्हणजे तिच्यात साखळी प्रक्रिया आपली आपण टिकली, ती वीस-बावीस इंधन-सबअसेंब्लींच्या (इंधन-नळ्यांच्या जुड्यांच्या) छोट्या गाभ्यावर. म्हणजे कमी शक्ती हे भट्टीच्या नादुरुस्तीचं लक्षण नव्हतं. उलट इंधनाने सगळ्यांना चकित केलं. नळ्या न फुटता ते टनामागे १,६५,००० मेगावॉट-दिवसांपर्यंत (इंधनातून किती उष्णता काढली ते मोजण्याचं हे माप) जळलं, सुरुवातीच्या मर्यादेच्या कितीतरी पुढे.

पण हे यश पुढच्या भट्टीच्या फारसं कामाचं नव्हतं, कारण पीएफबीआरसाठी ऑक्साइडच ठरलं. इतर देशांचा अनुभव त्यातच होता, बनवायला सोपं, पुनर्प्रक्रियेला ओळखीचं. चाचणी भट्टीचं सर्वांत झळाळतं कर्तृत्व ज्या गोष्टीत होतं, तीच गोष्ट मोठ्या भट्टीत नव्हती. मंजुरीवर टीका करणारे मेगावॉट मोजत बसतात. ही विसंगती त्याहून बोलकी आहे.

मे १९८७

या प्रकरणातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट आकड्यांत बसत नाही, म्हणून ती जरा सावकाश सांगतो.

एफबीटीआरचं इंधन षट्कोनी नळकांड्यांत असतं. एकेक सबअसेंब्ली पाच सेंटिमीटर रुंद, पावणेदोन मीटरच्या आत-बाहेर लांब. आत ६१ बारीक इंधन-नळ्या. अशी नळकांडी एकमेकांना खेटून उभी असतात, खालचा पाय जाळीच्या पाटात रुतवलेला. वरून भट्टीला दोन फिरती झाकणं, मोठ्यात लहान. दोन्ही हव्या त्या कोनात फिरवली की हाताळणीचं यंत्र कोणत्याही नळकांड्याच्या नेमकं डोक्यावर येतं. यंत्राची पकड मार्गदर्शक नळीतून खाली जाते, सबअसेंब्लीचं डोकं धरते आणि ती पूर्ण वर नळीत ओढून घेते. मग झाकण फिरवायचं, नव्या जागी सोडायचं. सगळं १८० अंशांच्या सोडियमखाली, वर आरगॉन या निष्क्रिय वायूचं आच्छादन. सोडियम म्हणजे वितळलेला धातू, त्यातून काही दिसत नाही. गळ टाकून विहिरीतली घागर काढणाऱ्याला निदान दोराचा हिसका कळतो. इथे माणसाला कळतं ते फक्त पडद्यावरचा आकडा आणि इंटरलॉक, म्हणजे चुकीची हालचाल आपोआप रोखणारी यंत्रणा, काय म्हणतो ते.

कमी शक्तीवरच्या प्रयोगांसाठी इंधन एका जागेवरून दुसरीकडे हलवणं चाललं होतं. झाकण फिरण्याला अटकाव करणारं इंटरलॉक बायपास केलेलं होतं. सबअसेंब्ली पूर्ण वर आली नव्हती, तिचा पाय मार्गदर्शक नळीच्या खाली लोंबत होता, आणि झाकण फिरलं. सबअसेंब्ली वाकली. वाटेत आलेल्या परावर्तक (न्यूट्रॉन गाभ्याकडे परत पाठवणाऱ्या) सबअसेंब्लींची डोकीही वाकली. नंतर हे निस्तरताना एक वाकडी सबअसेंब्ली काढायला गेले तर मार्गदर्शक नळीच सुमारे फूटभर वाकली. सरळ भोकातून वाकडी नळी बाहेर येणार कशी? वर ओढता येईना, खाली सोडता येईना, झाकण फिरवता येईना.

जगात कोणाकडे याची तयार पद्धत नव्हती. शेवटी खास दूरनियंत्रित कापणी-यंत्र तयार करून नळी भट्टीतल्या भट्टीत कापली आणि तुकड्यांत बाहेर काढली. वाकलेल्या सबअसेंब्ली एकेक करून बदलल्या. यांत्रिक अटकाव आणि जादा इंटरलॉक बसवले. भट्टी पुन्हा सुरू झाली मे १९८९ मध्ये. दोन वर्षं गेली.

चुकीचं मूळ साधंच आहे: इंटरलॉक बायपास केला. प्रयोगाच्या धांदलीत, 'एवढ्यापुरतं' म्हणून अशा कळी दाबल्या जातात, हे कुठल्याही कारखान्यातला फोरमन सांगेल. पण मला महत्त्वाचं वाटतं ते दुरुस्तीचं. नळी कुठे कापायची, कापल्यावर वरचा भाग कसा पेलायचा, कीस गाभ्यात पडू नये म्हणून काय करायचं, या प्रश्नांना सामोरे गेले ते लोक त्याच केंद्रात होते ज्यांनी ही नळी कागदावर काढली होती, बसवली होती, तिची मापं घेतली होती. भोजे आणि त्यांचे सहकारी आराखड्यापासून चालवण्यापर्यंत त्याच भट्टीबरोबर होते. कादाराश ते क्रिटिकॅलिटी सोळा वर्षं, आणि ती एका नोकरीत मावली. हा मुद्दा बाजूला ठेवा, पुढे लागणार आहे.

वाफेची जनित्रं वापरात आली १९९३ मध्ये, आणि जुलै १९९७ मध्ये एफबीटीआरची वीज पहिल्यांदा ग्रिडमध्ये गेली. सव्वा मेगावॉटच्या आसपास! गावातल्या साखर कारखान्याची वीज याहून जास्त, असं कोणी म्हणालं तर खोटं नाही. पण सोडियमच्या उष्णतेवर टर्बाइन फिरलं, आणि पाणी-सोडियम वेगळं ठेवणाऱ्या नळीने दगा दिला नाही, हे त्यातलं घेण्यासारखं.

बाकीचं जग दुकान बंद करत होतं

भोजे यांनी काम सुरू केलं तेव्हा ब्रीडर हे भविष्य मानलं जात होतं. ते संचालक झाले, २००० साली, तेव्हा ते भविष्य बहुतेकांनी गुंडाळलं होतं. अमेरिकेने क्लिंच रिव्हरचा ब्रीडर प्रकल्प १९८३ मध्ये रद्द केला. जर्मनीचा काल्कारचा ब्रीडर बांधून तयार होता, एक दिवसही न चालता १९९१ मध्ये सोडून दिला. आज तिथे मनोरंजन उद्यान आहे. ब्रिटनने डाउनरेची भट्टी १९९४ मध्ये थांबवली. फ्रान्सचा १,२०० मेगावॉटचा सुपरफेनिक्स बंद करायचा निर्णय १९९७ चा. जपानच्या मोंजू या ब्रीडरमध्ये डिसेंबर १९९५ मध्ये प्रवाहाच्या थरथरीने तापमापीचं कवच मोडलं, शेकडो किलो सोडियम सांडून पेटलं, आणि चित्रफितीत काटछाट केल्याचं उघड झाल्यावर लोकांचा विश्वास गेला तो परत आला नाही. रशिया तेवढा आपला बीएन-६०० हा ब्रीडर नेमाने चालवत होता.

युरेनियम स्वस्त राहिलं, ब्रीडर महाग पडला, हे या सगळ्यामागचं कारण. भारताचं गणित वेगळं होतं, कारण इथे युरेनियम थोडं, ब्रीडरच्या वाटेने पुढे वापरता येणारं थोरियम भरपूर, आणि १९७४ नंतर बाहेरून खरेदीची वाट जवळपास बंद. बाहेर बाजार भरलेला असला तरी आपल्याला तिथे मोकळा शिरकाव नव्हता. २००३ चा निर्णय वाचताना हे ध्यानात ठेवावं लागतं. २००८ मध्ये अणुपुरवठादार देशांनी भारताला खरेदीची सवलत दिल्यावर परिस्थिती बदलली, पण ते पाच वर्षांनंतरचं. २००३ च्या टेबलावर ते पान नव्हतं.

एप्रिल २००२ मध्ये, भोजे संचालक असताना, एफबीटीआरमध्येही गळती झाली. प्राथमिक सोडियम शुद्ध करणाऱ्या यंत्रणेतून ७५ किलो सोडियम बाहेर आलं. कोठडीत हवेऐवजी नायट्रोजन होता, म्हणून ते पेटलं नाही, तिथेच थिजलं. मोंजूमध्ये सांडलं ते दुय्यम सोडियम, किरणोत्सर्गी नव्हतं, पण हवेत सांडलं. इथलं किरणोत्सर्गी होतं, पण नायट्रोजनमध्ये. आराखड्याच्या वेळी कोणीतरी 'हे सांडेल' असं गृहीत धरलं होतं. सुरक्षिततेची भाषणं ऐकण्यापेक्षा हे एक उदाहरण वर्गात शिकवावं.

कागदावरची भट्टी

पीएफबीआरचा आराखडा ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू होता. सी. व्ही. सुंदरम, एस. आर. परांजपे, प्लॅसिड रॉड्रिग्ज आणि मग भोजे, असे चार संचालक त्या काळात झाले. भोजे या आराखड्याचं नेतृत्व करणाऱ्यांत होते. एफबीटीआर 'लूप' पद्धतीची, म्हणजे सोडियम पात्राबाहेरच्या नळ्यांतून पंपाकडे जातं आणि परत येतं. पीएफबीआर 'पूल' पद्धतीची: पंप, उष्णता-विनिमयक, सगळं एकाच मोठ्या पात्रात बुडवलेलं. एकूण सोडियम १,७५० टन. एफबीटीआरमध्ये १५० टन.

पाचशे मेगावॉट हाच आकडा का? एक कारण अगदी व्यवहारी: कोळशाच्या वीज केंद्रांसाठी पाचशेचं टर्बाइन देशात तयार होत होतं, तेच वापरता येणार होतं. अनोळखी भट्टीला निदान मागची बाजू ओळखीची.

वाफेच्या जनित्रांकडे बघितलं तर आराखड्यामागचा स्वभाव दिसतो. एकूण आठ जनित्रं, प्रत्येकात ५४७ नळ्या, प्रत्येक नळी २३ मीटर लांब आणि सलग. मध्ये सांधा नाही. आतून पाणी, बाहेरून सोडियम. वेल्डिंग असलेली जागा ही फुटण्याची जागा, म्हणून तेवढ्या लांब अखंड नळ्या काढून घेतल्या. तरीही सूक्ष्म भोक पडलंच तर सोडियममध्ये किंचित हायड्रोजन येतो, तो निकेलच्या पातळ भिंतीतून झिरपवून मोजायचा आणि मोठं काही व्हायच्या आत जनित्र वेगळं करायचं. भट्टी बंद करायला दोन स्वतंत्र यंत्रणा, एकीत न्यूट्रॉन शोषणारे नऊ दांडे, दुसरीत तीन, वेगळ्या बांधणीचे. वीज गेली, पंप थांबले, तरी उरलेली उष्णता सोडियमच्या आपल्या आप फिरण्याने बाहेर जाईल असे चार मार्ग.

आणि मंजुरीच्या आधीच पात्राचे, जनित्राचे, पंपाचे नमुने देशातल्या कारखान्यांकडून करून घेतले होते, बनतील की नाही याची खात्री करायला. सरकारी प्रकल्पांच्या रीतीपेक्षा हे निराळं आहे. आपल्याकडे आधी भूमिपूजन होतं.

मग निर्णय बरोबर होता का

मंजुरीच्या वेळी तीन वाटा होत्या. पहिली, थांबायचं आणि एफबीटीआर चाळीसवर न्यायची. दुसरी, शंभर-दीडशे मेगावॉटची मधली भट्टी. तिसरी, सरळ पाचशे.

पहिली वाट वरकरणी सावध वाटते, पण तिने काय कळलं असतं? एफबीटीआर लूप, पीएफबीआर पूल. एकीत कार्बाइड, दुसरीत ऑक्साइड. एकीचं पात्र लहान, दुसरीच्या पात्रात भूकंपाने पडणाऱ्या घडीचा प्रश्न. एफबीटीआर चाळीसवर चालली असती तरी यातल्या एकाही शंकेचं उत्तर मिळालं नसतं. ज्या गोष्टीसाठी ती उपयोगी होती, म्हणजे पीएफबीआरचं इंधन आत ठेवून जाळून बघणं, ते काम २००३ पासून तिने केलंच. ३७ नळ्यांची चाचणी-सबअसेंब्ली टनामागे १,१२,००० मेगावॉट-दिवसांपर्यंत गेली. त्याला पूर्ण शक्ती लागत नव्हती.

दुसऱ्या वाटेबद्दल मी ठाम नाही. फ्रान्सने राप्सोदीनंतर फेनिक्स बांधला, २५० मेगावॉटचा, आणि तो १९७३ ते २००९ चालला. त्यावरून उडी मारून सुपरफेनिक्सला गेले आणि तिथे अडखळले. मधली पायरी असूनही अडखळले, असंही म्हणता येतं. मधल्या भट्टीला नवं टर्बाइन, नवा आराखडा, आणखी दहा-बारा वर्षं. भोजे यांच्या पिढीकडे तेवढी वर्षं उरली नव्हती. तेव्हा तिसरी वाट धरली यात मला घाई दिसत नाही.

चूक दिसते ती वेळापत्रकात. सात वर्षांत, सप्टेंबर २०१० पर्यंत, भट्टी चालू होईल असं सांगितलं गेलं. ज्या संस्थेला चाळीसच्या भट्टीतली एक वाकडी नळी काढायला दोन वर्षं लागली होती, तिला पहिल्यांदाच बांधल्या जाणाऱ्या पूल भट्टीच्या चाचण्यांना किती वेळ लागेल याचा अंदाज जगात सर्वांत चांगला असायला हवा होता. तो कागदावर उतरला नाही. मंजुरी मिळवायची तर आकडा गोंडस हवा, हे दिल्लीचं जुनं दुखणं, आणि संशोधन केंद्रंही त्यातून सुटत नाहीत.

२००४ आणि नंतर

२००३ मध्ये भोजे यांना पद्मश्री मिळाली. ऑक्टोबर २००३ मध्ये पीएफबीआर बांधायला 'भाविनी' ही स्वतंत्र सरकारी कंपनी स्थापन झाली. २००४ मध्ये भोजे निवृत्त झाले. त्याच वर्षी २३ ऑक्टोबरला पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते बांधकाम सुरू झालं आणि २६ डिसेंबरला त्सुनामीचं पाणी पायाच्या खड्ड्यात शिरलं. पाया नव्याने घ्यावा लागला.

पुढचं सगळं वर्तमानपत्रांत येऊन गेलं आहे. २०१० गेलं, खर्च ५,६७७ कोटींवर गेला, मग त्याही पुढे. पात्रं बसली, इमारती उभ्या राहिल्या, आणि खरी रखडगाडी सुरू झाली ती त्यानंतर, सगळी यंत्रणा जोडून चाचण्या घेताना. पहिल्यांदाच बनलेल्या यंत्रांत निघणाऱ्या तांत्रिक अडचणी हे कारण सरकार देत राहिलं. गाभा भरायला प्रारंभ झाला ४ मार्च २०२४ ला, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या उपस्थितीत. मधल्या काळात, मार्च २०२२ मध्ये, एफबीटीआरने अखेर आपले चाळीस मेगावॉट गाठले. म्हणजे पहिल्या वाटेने गेलो असतो तर पीएफबीआरची मंजुरी २०२२ मध्ये मागितली असती.

आता मघाचा बाजूला ठेवलेला मुद्दा. एफबीटीआरमध्ये ज्यांनी रेषा काढल्या त्यांनीच वाकलेली नळी कापली. पीएफबीआरमध्ये हे होऊ शकलं नाही. आराखडा ऐंशी-नव्वदच्या दशकांतला, चाचण्या २०१५ नंतरच्या. आराखडा संशोधन केंद्राचा, बांधणी आणि चाचण्या दुसऱ्या कंपनीच्या. एखादी पकड हव्या त्या ठिकाणी का थांबत नाही, अमुक जागी तेवढीच फट का ठेवली होती, हे विचारायचं तर ज्याने ठरवलं तो माणूस बहुधा पेन्शन घेत असतो. त्याची टिपणं, अहवाल, सुरक्षा समित्यांना दिलेली उत्तरं कपाटांत असतात. पण 'आम्ही आधी हे करून बघितलं, जमलं नाही' हे अहवालात क्वचितच येतं. जमलं ते लिहिलं जातं.

म्हणून २००३ च्या मेगावॉटच्या जिन्यात गाळलेली पायरी मला मोठी वाटत नाही. गाळली ती माणसांची पायरी. १९८९ नंतर, भट्टी पुन्हा सुरू झाली तेव्हाच, निर्णय झाला असता तर वाकडी नळी कापणारे हात पन्नाशीच्या आत होते. निर्णय चौदा वर्षं लांबला तो पैशामुळे, आराखडा स्वस्त करण्याच्या फेऱ्यांमुळे, आणि जग ब्रीडरपासून दूर जात असताना कोणालाच घाई नव्हती म्हणून. त्यातल्या कशाचा दोष भोजे यांच्याकडे जातो असं मला वाटत नाही. पण त्याची किंमत त्यांच्या आराखड्याने मोजली.

काही जण याला उत्तर देतात की रचनाकारांना सल्लागार म्हणून बोलावता येतं, अणुऊर्जा खात्यात तशी पद्धतही आहे. खरं आहे. पण सल्लागाराला विचारलं तर तो सांगतो. भट्टीवर रात्रपाळीला असलेल्या अठ्ठावीस वर्षांच्या इंजिनिअरला काय विचारायचं हेच ठाऊक नसतं. एफबीटीआरच्या काळात दोघे एकाच जेवणघरात भेटत.

कल्पाक्कमला आणखी दोन ब्रीडर बांधायचं नियोजन आहे, थोड्या जास्त क्षमतेच्या, पीएफबीआरच्या आराखड्यात सुधारणा करून. पीएफबीआर सुरू करण्यात ज्यांनी उमेदीची वर्षं घातली ते आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. नव्या दोन भट्ट्यांचे तपशील ठरवण्याच्या टेबलावर ते आत्ताच बसलेले असायला हवेत, पीएफबीआर पूर्ण शक्तीवर पोहोचायची वाट न बघता. आणि रचना करणारी संस्था नि चालवणारी कंपनी यांच्यात माणसांची ये-जा निदान पाच-पाच वर्षांसाठी सक्तीची करावी, बढतीची अट म्हणून.